पेनसिल्व्हेनियाचं मित्र मंडळ

आमच्या घरात अमेरिका आली ती रद्दीच्या तराजूत बसून. अण्णा, म्हणजे माझे वडील, रविवारी अंबरनाथहून उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये जायचे. सांगायचे, पँटचं कापड बघून येतो. पण कापड राहायचं बाजूला आणि ते तास न् तास चेलारामभाईंच्या रद्दीच्या दुकानात पोत्यावर बसून जुनी इंग्रजी पुस्तकं चाळायचे. चेलारामभाई पुस्तकाचं नाव वाचत नसत, फक्त वजन बघत. एकदा त्यांनी कव्हर फाटलेलं, विटेएवढं एक पुस्तक तराजूत टाकलं. अण्णांनी पहिलं पान वाचलं आणि त्यांचे डोळे चमकले. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया नावाच्या राज्यात गुलामी कशी होती आणि कोणी, कशी बंद पाडली, त्याची ती हकिकत होती. अण्णा भाव कमी करा म्हणाले तेव्हा चेलारामभाई म्हणाले, "वडी साईं, पूरा अमेरिका किलो के भाव में दे रहा हूँ, और कितना कम करूँ?" अण्णा ते पुस्तक छातीशी धरून घरी आले. पँटचं कापड त्या वर्षी आलंच नाही.

आमचं घर म्हणजे अंबरनाथ पूर्वेला एका चाळीत पहिल्या मजल्यावरची पुढची खोली आणि मागचं स्वयंपाकघर. मध्ये भिंत होती, पण ती नावाला. पुढे अण्णा जे बोलत ते मागे आईला ऐकू येई आणि मागे आई जे पुटपुटे ते पुढे अण्णांना ऐकू येत नसे. तो दोष भिंतीचा नव्हता. अण्णा एका केमिकल कंपनीत स्टोअर्सला क्लार्क होते. कंपनीचा भोंगा वाजला की पाऊण तासात ते घरात, आणि चपला काढता काढता पहिला शब्द, "अगं, पाणी." मग आईच्या बांगड्यांची किणकिण, माठावरचं झाकण उघडल्याचा आवाज आणि पेला अण्णांच्या हातात. हे इतकं ठरलेलं होतं की भोंगा वाजला की मलाच तहान लागायची. आई बारवी धरणाच्या अंगाच्या एका गावातली. आमच्या नळाला त्याच धरणाचं पाणी येतं हे तिला कोणीतरी सांगितलेलं, तेव्हापासून नळ आला की ती म्हणायची, "आलं बाय माझ्या म्हायेरचं पानी." आणि अण्णांनी फारच हाका मारल्या तर, "पानी माझ्या म्हायेरचं, माठ मी भरलेला, यांनी निस्ता घसा आनला." हे अर्थात भिंतीच्या तिच्या बाजूला.

त्या पुस्तकाने मात्र महिनाभर आमच्या घराचा ताबा घेतला. अण्णा एका हातात ते आणि दुसऱ्या हातात डिक्शनरी घेऊन बसत आणि जे कळेल ते मोठ्याने मराठीत सांगत. मी अकरावीला होते, माझं इंग्रजी अण्णांपेक्षा बरं होतं असा माझा समज होता, पण बोलायची छाती नव्हती. पुस्तकात जागोजाग एक शब्द येई, सोसायटी ऑफ फ्रेंड्स. अण्णांनी डिक्शनरी उघडलीसुद्धा नाही. सोसायटी म्हणजे मंडळ आणि फ्रेंड्स म्हणजे मित्र, यात बघायचं काय? "सुने," ते मला डिक्शनरी बाजूला ठेवून म्हणाले, "अमेरिकेत गुलामीविरुद्ध पहिल्यांदा कोण उभं राहिलं माहितीये? सरकार नाही. मोठे लोक नाहीत. मित्र मंडळ!"

आता आमच्या चाळीच्या तोंडाशीच एक मित्र मंडळ होतं. पत्र्याची शेड, एक कॅरम आणि पोरांना दम देण्यासाठी वामनकाका. वामनकाका मंडळाचे अध्यक्ष, रिक्षाचे मालक आणि घशाने लाउडस्पीकर. अण्णांनी ही बातमी त्यांना सांगितली तेव्हा ते कॅरम सोडून उभे राहिले. "मित्र मंडळ? पेनसिल्व्हेनियात?" "पेनसिल्व्हेनियात." "नोंदणीकृत?" अण्णांनी पुस्तक उघडून दाखवलं. दर महिन्याला सभा, वर्षाला मोठी सभा, सभेत वाद, वादावर समिती. वामनकाका मान डोलवत राहिले. "हे तर आपलंच झालं. सेम टू सेम." त्या क्षणी ठरलं की येत्या चौदा एप्रिलच्या जयंतीला मंडळातर्फे याच विषयावर नाटक करायचं, लिहिणार अण्णा.

मी पुढे आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे आज मला माहीत आहे की ते मित्र मंडळ नव्हतं, तो ख्रिस्ती लोकांतला एक पंथ होता, क्वेकर नावाचा, आणि फ्रेंड्स हे त्यांनी स्वतःला घेतलेलं नाव. क्वेकर हा शब्दही पुस्तकात होता. अण्णांनी डिक्शनरीत बघून त्याचा अर्थ थरथर कापणारे असा लावला होता. वामनकाकांना ते अजिबात पटलं नाही. "आपलं मंडळ कोणाच्या बापाला घाबरत नाय. कापायचं काढून टाका." म्हणून कापायचं काढून टाकलं. पुष्कळ वर्षांनी मी अण्णांना खरा अर्थ सांगितला तोवर ते सत्तरीचे झाले होते. त्यांनी चष्मा पुसला आणि मलाच विचारलं, "दर महिन्याला सभा होती ना? भांडणं होती ना? आणि चांगलं काम केलं ना? मग मंडळ नाहीतर काय?"

अण्णांना त्या हकिकतीतला एक भाग फार आवडे. या मित्रांपैकी कित्येकांच्या स्वतःच्याच घरी गुलाम होते. मंडळात यावर वर्षानुवर्षं खल चालला आणि शेवटी ठराव झाला की जो सभासद गुलाम ठेवील त्याला मंडळातून काढा. अण्णा पुढच्या खोलीत उभं राहून, बोट वर करून म्हणत, "आधी आपल्या घरातले सोडा! मग जगाला सांगा!" आणि श्वास न घेता, "अगं, पाणी." मागे तांदळाची भाकरी थापण्याचा आवाज जरा मोठा होई. सुकटीच्या फोडणीचा ठसका पुढे येई, अण्णा खोकत, पण त्यांच्या डोक्यात अमेरिका एवढी भरलेली की हा ठसका मुद्दाम आहे हे त्यांना कधी कळलं नाही.

तर आईचं काय चाललं होतं ते सांगते. आई दहावी पास होती. आमच्या चाळीत दहावी झालेली बाई ती एकटीच. जवळच्याच गल्लीत एक ट्रस्ट बालवाडी सुरू करणार होता आणि तिथल्या मॅडमनी आपण होऊन घरी येऊन आईला विचारलं होतं, बाई म्हणून याल का? दहा ते एक. मला आठवतं, मॅडम गेल्यावर आई तो चहाचा कप विसळायचं विसरून नुसती हातात धरून उभी होती. रात्री जेवताना तिने अण्णांना विचारलं. अण्णा नाही म्हणाले नाहीत. अण्णा कधीच नाही म्हणत नसत. ते म्हणाले, "करू ना. हळूहळू करू." पुढच्या आठवड्यात विचारलं, "बघू, हळूहळू." एकदा आईने धीर करून अडचण काय आहे ते विचारलं तर म्हणाले, घर बंद दिसलं तर लोक काय म्हणतील? आता दहा ते एक अण्णा कंपनीत, मी कॉलेजात. त्या वेळात घरात आईला बघायला आईशिवाय कोणी नव्हतं. तरी आईने घरी असायला हवं होतं. मॅडमनी शेवटी निरोप पाठवला, जयंतीनंतरच्या सोमवारी आलात तर जागा तुमची, नाहीतर कॅम्पातली एक बाई तयार आहे. हा निरोप चाळीतल्या प्रत्येक घराने ऐकला होता. भिंतींचं मी सांगितलंच आहे.

इकडे नाटकाचं गाडं एका शब्दावर अडलं. पेनसिल्व्हेनियाने केलेल्या कायद्याच्या नावात एक शब्द होता, ग्रॅज्युअल. अण्णांनी त्याचं मराठी केलं क्रमिक. गुलामगिरीच्या क्रमिक निर्मूलनाचा कायदा. तालमीत हे वाचलं आणि मंडळाची पोरं खो खो हसायला लागली. "अण्णा, क्रमिक म्हणजे तर पुस्तक! इयत्ता चौथीचं!" वामनकाका म्हणाले, "पब्लिकला समजंल असं लिहा. ह्या कायद्यात नेमकं होतं काय?" अण्णांनी सांगितलं. जे आज गुलाम आहेत ते गुलामच राहणार. यापुढे गुलाम बाईच्या पोटी जी मुलं जन्मतील तेवढी गुलाम नसणार, पण त्यांनीही अठ्ठावीस वर्षांची होईपर्यंत मालकाकडे राबायचं, मग सुटका. मग वामनकाका म्हणाले, "म्हंजे हळूहळू." "हां," अण्णा म्हणाले, "हळूहळू." आणि खोडून तसंच लिहिलं, गुलामी हळूहळू बंद करण्याचा कायदा. मी तेव्हा आईकडे बघितलं. ती तालमीच्या पोरांसाठी चहा गाळत होती. गाळणी तिने जरा जोरात आपटली, बस.

नाटकात एक गुलाम बाई होती, तिचं नाव डायना. अण्णा म्हणाले मालक लोक त्यांना अशी आपल्या मर्जीची नावं ठेवायचे. ही डायना मंडळातला बाळ्या करणार होता, पण मिशी काढायला तो तयार होईना. मिशीवाली डायना वामनकाकांना चालली असती, अण्णांना चालेना. वामनकाकांनी मग सगळ्यांसमोर विचारलं, "वहिनी करतील का? त्यांचा आवाज नाल्याच्या पल्याड जातो." अण्णांची पंचाईत झाली. घरातले सोडा म्हणणारं नाटक, त्यात घरातल्याच बाईला सोडणार नाही कसं म्हणायचं? "बघू," त्यांनी सुरुवात केली, पण वामनकाकांनी पुढचं ऐकायला थांबायची पद्धत ठेवलीच नव्हती. आई डायना झाली. मी डायनाची थोरली मुलगी. धाकटं बाळ, कायद्यानंतर जन्मलेलं, म्हणजे आमची अभ्र्यातली उशी. अण्णा स्वतः कायदा वाचून दाखवणारे न्यायाधीश.

हे पात्रवाटप झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की या कायद्याने आई सुटत नाही, मीही सुटत नाही. उशी सुटते. तीही अठ्ठाविसाव्या वर्षी.

कपडे उल्हासनगरहून आले. त्या काळी तिकडच्या मालावर मेड इन यूएसए असं छापलेलं असे. यू म्हणजे उल्हासनगर, पुढचं ज्याचं त्याने समजून घ्यायचं. चेलारामभाईंच्या मेहुण्याने मित्र मंडळासाठी काळ्या रुंद काठाच्या टोप्या शिवून दिल्या आणि आतून छापही मारून दिला, म्हणून वामनकाका सगळ्यांना टोपी उलटी करून दाखवत, "बघा, ओरिजनल अमेरिकेची." पुस्तकात लिहिलं होतं की ते मित्र कोणापुढेही, अगदी न्यायाधीशापुढेही टोपी काढत नसत. हे मंडळाला इतकं आवडलं की पोरं आठवडाभर कॅरमही टोपी घालून खेळली.

जयंतीच्या दिवशी सकाळी विहारात वंदना झाली, दुपारी लापशी झाली आणि दिवेलागणीला नाटकाला सुरुवात झाली. चाळीपुढे मंडप, बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. पहिल्या रांगेत बालवाडीच्या मॅडम. त्यांना कोणी बोलावलं हे मला आजवर कळलेलं नाही, पण वामनकाकांच्या रिक्षातून त्या उतरल्या एवढं मी पाहिलं. पहिल्याच प्रवेशात घोटाळा झाला. ते खरे मित्र सभेत गप्प बसत आणि ज्याला आतून वाटेल त्यानेच उठून बोलायचं, अशी त्यांची रीत. अण्णांनी ती जशीच्या तशी ठेवली होती. पडदा वर गेला, काळ्या टोप्या घालून मंडळ ओळीत बसलेलं, आणि कोणी काही बोलेना. माइकवाल्याला वाटलं लाइन गेली. तो स्टेजवर चढला, वामनकाकांच्या तोंडापुढे माइक धरून "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" करू लागला. वामनकाका भूमिकेतून बाहेर न येता, ओठ न हलवता म्हणाले, "चालूय. खाली उतर. आम्ही विचार करतोय." हे माइकमधून सगळ्या अंबरनाथने ऐकलं.

मग आमचा प्रवेश आला. अण्णा डोक्याला कापसाचा टोप लावून खुर्चीवर, बाजूला टोपीवालं मंडळ, समोर मी उशी घेऊन आणि आई हात जोडून. अण्णांनी खणखणीत आवाजात कायदा वाचला. आईला यावर एकच वाक्य होतं, "धन्य झाले सरकार, माझी लेकरं सुटली," आणि मग पाया पडायचं. शंभरदा पाठ केलेलं वाक्य. आईने जोडलेले हात खाली घेतले.

"सरकार," ती म्हणाली, "हळूहळू म्हंजे किती वाजता?"

बायकांच्या बाजूने असा हशा उठला की मंडपाची कनात हलली. अण्णा हातातल्या कागदाकडे बघू लागले, जसं काही हे वाक्य चुकून दुसऱ्या पानावर गेलं असावं. "डायना," ते म्हणाले, "तुझं बाळ अठ्ठाविसाव्या वर्षी..."

"उशीचं नका सांगू. उशी सुटंल. माझं इचारते मी. मी कंदी?"

"तुझं... तुझं कायद्यात नाही."

"मंग कायदा कुनासाठी केला? तुमाला कोनी चांगला म्हनावा यासाठी?"

आता कोणी हसत नव्हतं. मी आईच्या शेजारी उभी होते आणि तिचे पाय कापत होते, ते मला लुगड्याखालून दिसत होतं. वामनकाकांनी वगळलेलं ते थरथर कापणं शेवटी आईनेच केलं. मला भीती वाटली की अण्णा उठून निघून जातील आणि मग घरी काय होईल. त्यांचा चेहरा लाल झाला होता. टोपातला कापूस एका कानावर लोंबत होता. त्यांनी तोंड उघडलं आणि सवयीने त्यांच्या तोंडून तेच आलं, "बघू, हळू..."

पूर्ण मंडपाने, पुरुषांच्या बाजूनेसुद्धा, एका सुरात तो शब्द पूर्ण केला. "...हळू!"

तेव्हा वामनकाका उठले. टोपी डोक्यावर, हात पाठीमागे. "मला आतून वाटतंय," ते म्हणाले, कारण मंडळाची रीतच तशी होती, "की ज्याच्या घरात अजून सोडवायचं बाकी आहे, त्याला मंडळात ठेवायचा का काढायचा, यावर आत्ताच ठराव घ्यावा." ओळीतले सगळे मित्र एकेक करून उभे राहिले. बाळ्या म्हणाला, "मला पण आतून वाटतंय." हा ठराव अण्णांच्या नाटकात होता, पण तिसऱ्या अंकात आणि एका शेतमालकासाठी. अण्णांनी स्वतःच्या लेखणीने लिहिलेला ठराव स्वतःवर येताना पाहिला. त्यांनी मंडळाकडे पाहिलं, पहिल्या रांगेतल्या मॅडमकडे पाहिलं आणि शेवटी आईकडे पाहिलं. मला वाटतं, ते तिला बऱ्याच दिवसांनी बघत होते. मग त्यांनी कापसाचा टोप काढून मांडीवर ठेवला आणि माइकमध्ये, न्यायाधीशाचा नव्हे तर स्टोअर्समधल्या क्लार्कचा आवाज काढून म्हणाले, "सोमवारी. दहा वाजता."

आई पाया पडली नाही. ते वाक्यही म्हणाली नाही. तिने माझ्या हातातली उशी घेतली आणि आत निघून गेली, आणि टाळ्या अशा पडल्या की पुढचा अंक कोणी मागितलाच नाही. मला रडू आलं. का आलं ते तेव्हा कळलं नाही, पण स्टेजवर आलं म्हणून लोकांना अभिनय वाटला आणि मला उत्तेजनार्थ एक स्टीलचा डबा मिळाला. तो अजून माझ्याकडे आहे, त्यात मी जिरं ठेवते.

घरी काय होईल म्हणून मी धास्तावले होते, ते काही झालं नाही. अण्णा जेवताना एवढंच म्हणाले, "तिसऱ्या अंकात तुझं मरण होतं. फार चांगलं लिहिलं होतं मी." आई म्हणाली, "र्‍हाऊ द्या. पुढच्या साली मरीन." आणि त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

सोमवारी माझ्या कॉलेजला सुट्टी होती, आणि अण्णांनीही कंपनीत रजा टाकली. तब्येत ठीक नाही म्हणाले, पण ते ठणठणीत होते. घर बंद दिसतं तेव्हा कसं दिसतं हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असावं, आणि आपण आत बसलो तर ते बंद दिसणार नाही एवढं त्यांच्या लक्षात आलं नसावं. आई आवरून निघाली. कडक इस्त्रीचं पांढरं पातळ, खांद्याला पिशवी, चपला पायात. उंबऱ्यावर पाय ठेवला आणि मागून सवयीने आलंच, "अगं, पाणी."

आई थांबली. मला वाटलं, आता ती चपला काढणार. "म्हायेरचंच हाय," ती म्हणाली, "घ्या हातानं," आणि जिना उतरली. अण्णा गॅलरीत धावले. खाली चाळीतल्या बायका धुणं थांबवून बघत होत्या. "अगं, कधी येशील?" अण्णांनी वरून विचारलं. आईने वर पाहिलंसुद्धा नाही. ज्या आवाजात ती नाल्याच्या पल्याड हाक मारायची त्याच आवाजात तिने सांगितलं, "येईन की! हळूहळू!"

चाळ हसत राहिली. अण्णा आत आले, माझ्यासमोरून मागे गेले आणि थोडा वेळ तिथेच उभे राहिले. मग माठावरचं झाकण उघडल्याचा आवाज आला. बांगड्यांशिवाय तो आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.